काळीज : ताटातले आणि वाङ्मयातले

मराठी भाषेने ज्या अवयवावर सर्वांत अधिक माया केली तो अवयव म्हणजे काळीज होय. आई लेकराला काळजाचा तुकडा म्हणते. दुःखाने काळजाला घरे पडतात, भीतीने त्याचे पाणी होते. निर्दय मनुष्य उलट्या काळजाचा ठरतो. आणि आपण उठल्याबसल्या एकमेकांस करू नको म्हणून बजावतो ती काळजीही त्याच घराण्यातली. कोंकणीत तर काळीज म्हणजे सरळ हृदयच. परंतु खाटकाच्या दुकानी जाऊन कोणी काळीज मागितले, तर तो हृदय देत नाही, यकृत देतो. आणि व्युत्पत्तीच्या न्यायाने पाहिले तर कवींपेक्षा खाटकाचेच बरोबर आहे. संस्कृतात यकृताला कालेय, कालखंड अशी नावे आहेत. अमरकोशात कालखंड आणि यकृत ही दोन्ही एका जोडीने येतात. आणि प्राकृताच्या पायऱ्या उतरत त्या कालेयाचेच आपले काळीज झाले. म्हणजे ज्या घरात मांस कधी शिजले नाही त्या घरातील माउलीसुद्धा लेकराला लाडाने ‘यकृताचा तुकडा’च म्हणत आली आहे.

हे आठवण्याचे कारण असे की, अलीकडे आहारविषयक लेखनाला पूर आला आहे आणि त्या पुरातून काळीज, गुरदा, भेजा, तिल्ली, वजडी या आंतरावयवांविषयी दोन परस्परविरुद्ध सूर ऐकू येतात. एक पक्ष काळजाला अमृताच्या पंक्तीस बसवितो: जगातील सर्व अन्नांत श्रेष्ठ, सर्व अशक्तपणावर एकच उपाय, इत्यादी. दुसरा पक्ष म्हणतो, यकृत हे शरीरातील विषाचे कोठार आहे, त्यात पोषण कसले. शिवाय ते तामस. या दोन्ही पक्षांचे लेख मी बरेच वाचले, आणि दोघांतही मला एकच दोष दिसला. अवयवात काय आहे हा एक प्रश्न आहे. तो आपण खावा की नाही हा दुसरा. आणि आजवर तो कोणी खाल्ला व त्याबद्दल त्याला काय ऐकून घ्यावे लागले हा तिसरा. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेने द्यावयाचे, दुसऱ्याचे कुळाचाराने आणि ज्याच्या त्याच्या विवेकाने, तिसऱ्याचे इतिहासाने. आमचे लेखक मात्र एकाच्या खिशातील नाणे काढून दुसऱ्याचे कर्ज फेडतात.

या मासिकाचे पुष्कळसे वाचक देवस्थानांशी बांधलेले आहेत. त्यांच्या देवाच्या नैवेद्यात कांदा-लसूण चालत नाही. सोमवारी आणि श्रावणात मासळीची टोपली त्यांच्या दारावरून तशीच पुढे जाते. आणि कित्येकांच्या घरी मांसाचा विषय जेवणाच्या वेळी काढणेही अप्रशस्त समजले जाते. अशा वाचकांसमोर वजडीची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. त्यांच्या जिभेला नवी चव लावावी हा हेतू खासच नाही. परंतु ज्याने एखादी वस्तू वर्ज्य केली आहे, त्याने ती वस्तू काय आहे हे इतरांपेक्षा अधिक अचूकपणे जाणावे असे मला वाटते. ठाऊक नसलेल्या गोष्टीचा त्याग हा त्याग कसा म्हणावा?

प्रथम आपल्या जुन्या ग्रंथांकडे वळू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ शके १०५१ चा, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा. हे कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. हैदराबादच्या आणि सीमाभागातल्या वाचकांना ते परके नाही. ग्रंथाचे संपादन श्रीगोंदेकरांनी बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत केले. पहिला भाग १९२५ साली निघाला, तिसरा १९६१ मध्ये. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ प्रिय आहे तो वेगळ्या कारणाने. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख त्यात आहे, आणि मराठी गीताचे काही अतिप्राचीन नमुनेही त्यात सापडतात. त्यामुळे आम्ही त्यातील संगीताचे पान उघडतो, ओवी पाहून आनंदाने डोलतो, आणि अन्नभोगाचे पान न उघडताच ग्रंथ मिटतो.

ते पान उघडणाऱ्यास काय दिसते? यकृताचे सुपारीएवढे तुकडे करावेत, निखाऱ्यावर भाजावेत, मग मसाल्यांसह परतावेत आणि दह्यात किंवा काळ्या मोहरीच्या पाण्यात घालून ठेवावेत, अशी कृती राजा स्वतः सांगतो. आतड्यांत सारण भरून ती भाजण्याची कृती आहे. रक्ताचा उपयोग केलेला पदार्थही आहे. हे सारे कोठे सांगितले आहे? राजाच्या उपभोगांच्या प्रकरणात. स्नान, तांबूल, विलेपन, वस्त्रे यांच्या शेजारी. कोठेही क्षमायाचना नाही, संकोच नाही, नाक मुरडणे नाही. वाङ्मय म्हणून त्या वर्णनाची थोरवी अशी की, तुकड्याचा आकार सुपारीने सांगितला आहे. ज्या हाताने विडा घेतला जातो त्याच हाताला कळेल असे हे माप आहे. आजच्या पाककृतिलेखकांना ही दृष्टी सहसा साधत नाही.

याच्याही मागे जावयाचे तर श्रौत यज्ञाकडे जावे लागते. पशुबंधात प्रथम वपेची, म्हणजे आतड्यांवरील चरबीच्या पडद्याची, आहुती पडते. त्यानंतर ज्या अंगांची अवदाने घेतली जातात त्यांत हृदय आणि जिव्हा अग्रभागी असून यकृत आणि वृक्क ही येतात. देवांच्या वाट्याला आंतरावयव आले आहेत, मांडीचे मांस नव्हे, असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. पुढे मध्वसंप्रदायाने पिठाचा पशू करून यज्ञ करण्याचा आग्रह धरला, हे पर्तगाळी मठाच्या शिष्यवर्गास सांगावयास नको. तो बदल करुणेचा होता आणि मला तो आदरणीय वाटतो. परंतु बदल झाला हे लक्षात ठेवणे वेगळे, आणि बदलापूर्वी काही नव्हतेच असे समजणे वेगळे.

वैद्यकग्रंथांचा सूर अधिक कोरडा, म्हणून अधिक विश्वासार्ह. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त मांसापेक्षा वृक्क आणि यकृत हे पचनास अधिक जड म्हणून सांगितले आहेत. त्यात निंदाही नाही आणि स्तुतीही नाही. ज्याचा अग्नी मंद आहे त्याने जपून राहावे, एवढाच अर्थ. सुश्रुताने उत्तरतंत्रात रातांधळेपणावर बोकडाचे यकृत पिंपळीसह भाजून देण्याचा उपाय सांगितला आहे. प्लीहा आणि यकृत शुलावर भाजून तूपतेलासह खाण्याचेही तेथेच आहे. अतिरक्तस्रावाने क्षीण झालेल्याला बोकडाचे कच्चे यकृत पित्तासह द्यावे असे त्याच तंत्रात अन्यत्र येते. यकृत आणि प्लीहा ही रक्तवह स्रोतसांची मुळे आहेत, या आयुर्वेदाच्या मूळ कल्पनेशी ते जुळणारेच आहे.

येथे आमच्या अभिमानी लेखकांची लेखणी हमखास घसरते. रातांधळेपणा अ-जीवनसत्त्वाच्या अभावाने येतो आणि यकृतात ते जीवनसत्त्व अतोनात असते, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तेव्हा सुश्रुताला अ-जीवनसत्त्व माहीत होते, असे लिहून ते मोकळे होतात. सुश्रुताला ते माहीत नव्हते. त्याच प्रकरणात यकृताचे अंजनही डोळ्यांत घालावयास सांगितले आहे, घोरपडीचे यकृतही वापरले आहे, आणि कित्येक अशी द्रव्ये आहेत की ज्यांचा रातांधळेपणाशी काही संबंध लावता येत नाही. त्याने पाहिले, पडताळले, जे उपयोगी दिसले ते नोंदविले. आणि त्यांतले एक पुढे खरे ठरले. एवढा मान त्याला पुरे आहे. तसेच समानाने समानाची वाढ होते हा चरकाचा सिद्धांत: मांसाने मांस, रक्ताने रक्त, मज्जेने मज्जा. सुंदर सूत्र आहे, पण भेजा खाल्ल्याने बुद्धी वाढत नाही; आणि काळीज खाऊन बरे झालेल्या रुग्णांचे काळीज आजारी नव्हतेच, रक्त आजारी होते.

ती हकीकत सांगण्यासारखी आहे. पर्निशस ॲनिमिया हा पांडुरोगाचा एक प्रकार शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी प्राणघातकच समजला जाई. अमेरिकेत व्हिपल यांनी रक्त काढून अशक्त केलेल्या कुत्र्यांवर निरनिराळी अन्ने देऊन पाहिली, त्यांत यकृताचा गुण सर्वांत ठळक दिसला. त्यावरून मिनट आणि मर्फी यांनी १९२६ साली रुग्णांना रोज पाव किलोच्या आसपास, अगदी कमी शिजविलेले यकृत खाऊ घातले आणि मरणोन्मुख माणसे अंथरुणातून उठून बसू लागली. १९३४ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. त्या यकृतातला गुणकारी पदार्थ, ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ साली वेगळा काढण्यात यश आले. डोरोथी हॉजकिन यांनी त्याची रचना पुढे उलगडली.

परंतु आपल्या दृष्टीने याहून जवळची गोष्ट मुंबईची आहे. ल्यूसी विल्स ही इंग्रज स्त्रीवैद्य १९२८ मध्ये मुंबईस आली ती गरोदर स्त्रियांच्या, विशेषतः कापडगिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या, पांडुरोगाचा शोध घेण्यासाठी. या बायकांचे रक्तही पर्निशस ॲनिमियाच्या रुग्णांप्रमाणेच बिघडलेले दिसे. यकृताने त्या बऱ्या होत. पण यकृत महाग. मग तिने यीस्टचा अर्क, ज्याला बाजारात मार्माइट म्हणतात तो, देऊन पाहिला आणि तोही तितकाच लागू पडला. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. यकृतात आणि यीस्टमध्ये समान असलेला तो ‘विल्स घटक’ म्हणजे फोलिक आम्ल, आणि १९४१ मध्ये ते वेगळे काढून त्याचे बारसे झाले तेव्हा ते पालकाच्या पानांतून काढले होते. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव मिळाले. गिरणीतील त्या बायकांची नावे कोठल्याच इतिहासात नाहीत. आज प्रत्येक गरोदर स्त्रीस सरकारी दवाखान्यातून लोहाबरोबर फोलिक आम्लाची जी गोळी मिळते, तिच्या मागे त्या उभ्या आहेत.

या हकीकतीत शाकाहारी वाचकाला दिलासा आहे आणि इशाराही. काळजात जे आहे त्यातले पुष्कळसे अन्यत्र मिळते. सगळे मिळत नाही. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या कोष्टकात मेंढीच्या १०० ग्रॅम कच्च्या काळजात सुमारे २० ग्रॅम प्रथिने, ७ मिलिग्रॅमहून थोडे अधिक लोह, २३० मायक्रोग्रॅमच्या आसपास फोलेट, ७,००० मायक्रोग्रॅमच्या वर अ-जीवनसत्त्व आणि ९० मायक्रोग्रॅम ब-१२ नोंदले आहे. प्रौढ माणसाची ब-१२ ची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. म्हणजे त्या एका वाटीत महिन्याभराची बेगमी झाली. तिल्लीत तर लोह ४० मिलिग्रॅमच्याही वर असते, जेव्हा आपल्याकडील शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागते. शिवाय हे प्राणिज लोह शरीर सहज शोषून घेते. पालेभाजीतले लोह तितक्या सहजी हाती लागत नाही, त्याला लिंबू, आवळा, पेरू यांची साथ द्यावी लागते आणि जेवणावर लगेच चहा ढोसणाऱ्याकडून ते आणखी दूर पळते. फोलेट पालेभाज्या आणि डाळी देतात. अ-जीवनसत्त्वाची सोय गाजर, पपई, शेवग्याचा पाला करतात. ब-१२ मात्र कोणत्याही पानात, फळात, डाळीत नाही. दूधदह्यात थोडे आहे, मासळीत भरपूर आहे. मौज अशी की बोकडही ते स्वतः करीत नाही. त्याच्या पोटातील सूक्ष्म जंतू करतात. गोळीतील ब-१२ हेही अशा जंतूंकडूनच करवून घेतलेले असते. तेव्हा कडकडीत शाकाहारी माणसाने ती गोळी घेण्यात व्रतभंग नाही; फक्त कुपी जिलेटिनची आहे काय एवढे पाहून घ्यावे.

उलट बाजूही तितकीच स्पष्ट सांगितली पाहिजे, आणि अमृतवादी लेखक ती सांगत नाहीत. अ-जीवनसत्त्वाची रोजची कमाल मर्यादा प्रौढाला ३,००० मायक्रोग्रॅम धरतात. वरचा आकडा तिच्या दुपटीहून अधिक आहे. कधीमधी खाणाऱ्यास त्याचे भय नाही, पण रोज काळीज खाणे शहाणपणाचे नव्हे. आणि गरोदर स्त्रीने तर जपावेच, कारण या जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भास घातक होतो. म्हणजे ल्यूसी विल्सच्या काळी गर्भवतीला जे दिले गेले तेच आज तिला बेताने खा म्हणून सांगतात. शास्त्राला आपले शब्द गिळावे लागतात, आणि तो ते गिळतो हाच त्याचा मोठेपणा. संधिवाताच्या ज्या प्रकारात युरिक आम्ल वाढते त्यात काळीज-गुरदा वर्ज्य. भेज्यात कोलेस्टेरॉल फार. वजडी पोटभरीची खरी, पण जीवनसत्त्वांच्या बाबतीत काळजाच्या पासंगालाही पुरत नाही. तेव्हा ‘आंतरावयव’ असा एकच शब्द वापरून सर्वांना एका मापाने मोजणे चूक. आणि विषाच्या कोठाराचे म्हणाल तर, यकृत विष साठवीत नाही, त्याची विल्हेवाट लावते. गुरद्यात कॅडमियमसारखे जड धातू जमतात हे मात्र खरे. काळजात कृमींच्या पुटकुळ्या असू शकतात, म्हणून सुश्रुताचे वचन दाखवून कोणी ते कच्चे खाऊ नये.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे आचाराकडे. आमच्याकडे सात्त्विक आणि तामस हे शब्द हॉटेलच्या पाटीवरसुद्धा रंगविलेले असतात. त्यांचे मूळ गीतेच्या सतराव्या अध्यायात आहे, आणि तो भाग काळजीपूर्वक वाचणाऱ्यास एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. तेथे पदार्थांची यादी नाही, गुणांची आहे. आयुष्य, बल, आरोग्य, सुख वाढविणारे, रसाळ, स्निग्ध ते सात्त्विक. आणि तामस कोणते, तर वेळ टळून गेलेले, रस गेलेले, दुर्गंधी आलेले, शिळे, उष्टे आणि अमेध्य. या शेवटच्या शब्दाचा अर्थ यज्ञास अयोग्य असा आहे. आणि यज्ञात कोणती अंगे योग्य मानली होती ते वर सांगितलेच. यावरून गीतेने काळीज सात्त्विक ठरविले असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो वकिली कावा होईल, आणि अहिंसेचा विचार या साऱ्याहून वेगळ्या आणि वरच्या पातळीवरचा आहे. माझे म्हणणे एवढेच की, पदार्थावर तामसाचा शिक्का मारताना आपण गीतेचे नाव घेतो खरे, पण शिक्का आपल्या हाताने कोरलेला असतो. आणि शिळेपणाच्या निकषाचेच पाहावयाचे तर गंमतच आहे. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरांत नाताळाला आणि लग्नकार्याला सोरपोतेल होते. डुकराचे मांस, काळीज, हृदय, पूर्वी रक्तसुद्धा, विनिगारात शिजवून दोन-तीन दिवस मुरवतात आणि मुरल्यावरच त्याला चव आली म्हणतात. पोर्तुगालच्या सारापातेलाचा तो वंशज. गीतेच्या मापाने तो तामस ठरेल तर त्याच मापाने आमचे वर्षभर मुरलेले लोणचे कोठे बसवावे, हे पंडितांनी सांगावे.

खरा पेच तिसऱ्या प्रश्नात आहे; आणि तो ज्या मराठी ग्रंथाने मांडला त्याची या मासिकाच्या वाचकांत चर्चा व्हावी तितकी झालेली माझ्या तरी पाहण्यात नाही. शाहू पाटोळे यांचा ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हा ग्रंथ २०१५ साली निघाला. भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला. जेवणाच्या आरंभी आपण जो श्लोक म्हणतो त्यातील वचनाला एका अक्षराने नकार देऊन ग्रंथाचे नाव घडले आहे, आणि त्या एका अक्षरात सारा ग्रंथ आहे. मराठवाड्यातील महार आणि मांग या समाजांच्या चुलीवर काय शिजत असे, कसे शिजत असे, याची त्यात नोंद आहे: वजडी, रक्ती, वाळविलेल्या मांसाच्या चान्या आणि असे कितीतरी. तेल नाही, तूप नाही, दूध नाही. असेल तेवढे मीठमिरची. सात्त्विक-राजस-तामस ही उतरंड कोणाच्या सोयीने रचली गेली, हाही प्रश्न ग्रंथकार विचारतो.

देवस्थानाशी निगडित वाचकास हा ग्रंथ वाचताना त्रास होईल. मलाही झाला. काही पाने मी मिटली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली. परंतु टीकाकाराचे काम आपल्या पोटात काय झाले हे सांगण्याचे नसून ग्रंथात काय आहे हे सांगण्याचे असते. ग्रंथात आहे ती अचूकता. प्राण्याचा कोणता भाग कसा धुवावा, किती वेळ शिजवावा, कशाबरोबर खावा, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांच्या भुकेने शिकविलेले आहे, आणि ते सोमेश्वराच्या ज्ञानाहून कमी दर्जाचे नाही. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत. सोमेश्वराने रक्त आणि आतडी यांचे वर्णन केले तेव्हा तो राजभोग झाला. तेच रक्त, तीच आतडी गावकुसाबाहेर शिजली तेव्हा तो विटाळ झाला. पदार्थ तोच, पोषण तेच. पातेले तेवढे बदलले. बरे, शिळे आणि उष्टे हे तामस म्हणावे तर ते शिळे आणि उष्टे त्यांच्या पदरात घालणारे हात कोणाचे होते? तेव्हा वाढणाऱ्याने स्वतःस सात्त्विक म्हणवून घ्यावे आणि घेणाऱ्यास तामस ठरवावे, हा न्याय गीतेत नाही.

आमची बहुसंख्य छापील पाकशास्त्रे या बाबतीत मुकी आहेत. काही जुन्या पुस्तकांत मांसमत्स्यांची प्रकरणे आहेत, ती पांढरपेशा घरांतल्या सणसमारंभांची. बोकड कापला गेल्यावर त्याचे उरलेले सारे कोणाच्या घरी जाते आणि तेथे त्याचे काय होते, हा प्रश्न त्या पुस्तकांना पडतच नाही. म्हणजे ज्या अन्नात पोषण अधिक तेच लेखनात अदृश्य.

तथापि पाटोळ्यांच्या ग्रंथाचा आधार घेऊन जे नवे उत्साही लेखक ‘दलितांचा आहारच खरा पौष्टिक होता’ असे सोयीचे गाणे गाऊ लागले आहेत, त्यांनाही थांबविले पाहिजे. मेलेले जनावर ओढण्याचे काम ज्यांच्या माथी मारले गेले त्यांनी त्याचे मांस खाल्ले ते कोष्टके वाचून नव्हे. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडून देण्याचे आवाहन केले. त्या मांसात लोह किती होते हा त्या आवाहनाचा विषय नव्हता. माणसाला आपले अन्न स्वतः निवडता यावे, हा होता. ज्या अन्नाची निवडच नव्हती त्याची आज भरल्या पोटी आरती ओवाळणे मला सभ्यपणाचे वाटत नाही. आणि तितकेच असभ्य हेही आहे की, २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के, आणि गोव्यासारख्या सुखवस्तू राज्यातही ३९ टक्के, रक्ताल्पतेने ग्रासलेल्या आढळल्या असताना, त्यांच्यापैकी ज्या कोणी स्वखुशीने काळीज खात असतील त्यांना आम्ही पत्रके काढून तामसाची भीती घालावी. व्रत ज्याने घेतले त्याने ते पाळावे, त्यासाठी शेजारणीच्या ताटात विष आहे असे सांगण्याची गरज पडत असेल तर व्रतातच काही खोट आहे. आमच्या देवस्थानांच्या उत्सवी स्मरणिकांतील आरोग्यविषयक लेख मी याच दृष्टीने वाचतो आणि बहुधा खिन्न होतो. मांसाहार टाळण्याची कितीतरी चांगली कारणे आमच्याजवळ असता तेथे नेमके खोटे कारण छापलेले असते.

शेवटी घरातली एक आठवण सांगतो. फोंडा महालातील आमचे घर देवाच्या मानकऱ्यांपैकी. मासळी चाले, मांस उंबऱ्याच्या आत येत नसे. माझ्या लहानपणी काकी बाळंतपणानंतर पांढरीफटक पडली. जिना चढताना तिला मध्येच बसावे लागे. डॉक्टरांनी काळीज खावयास सांगितले. काकीने मान हलविली, आजीने तर ते वाक्य ऐकलेच नाही असे दाखविले. डॉक्टर जुने, मुरलेले. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ते काचेच्या कुप्यांची पेटी घेऊन आले आणि दिवसाआड एक याप्रमाणे सुई टोचू लागले. यकृताच्याच अर्काची ती इंजेक्शने होती, हे घरातील सर्वांना ठाऊक होते, कारण कंपाउंडर बोलका होता. कोणत्या प्राण्याचे यकृत, हे कोणी विचारले नाही. आजी एवढेच म्हणाली, “वखदाक विटाळ ना गे बाये.” त्याच पावसाळ्यात आमच्या बागेत कामाला येणारी बाई तशाच पांढऱ्या ओठांनी येत असे. तिला डॉक्टरांनी तेच सांगितले होते आणि तिला ते खाण्यास हरकत नव्हती. पण गावात बोकड पडला की तिच्या वाट्याला वजडी येई, काळीज येत नसे, आणि सुया परवडण्याचा प्रश्नच नव्हता. ती आमच्या मागील दारी थांबे, पुढे येत नसे. काकी बरी झाली. त्या इंजेक्शनांची रिकामी पुठ्ठ्याची पेटी तिने टाकली नाही. कित्येक वर्षे ती देवघरात होती आणि काकी तीत फुलवाती ठेवीत असे.